महिन्याभरात कादंबरी लिहिण्याविषयी

महिन्याभरात कादंबरी लिहून काढण्याचे आव्हान मी यंदा स्वीकारले आहे. हे कळल्यावर काही साहित्यप्रेमी मित्रांनी स्पष्ट नापसंती व्यक्त केली, म्हणून ही पोस्ट. कादंबरी मुरावी लागते, घाईने लिहिणे म्हणजे नुसती पाने भरणे, असा त्यांचा आक्षेप आहे. ती मुरावी लागते हे मला पूर्णपणे मान्य आहे. प्रश्न एवढाच की ती मुरते कुठे, मनात की कागदावर?

या आव्हानाचा सर्वांत प्रसिद्ध अवतार म्हणजे 'नॅनोरायमो', अर्थात 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' हा उपक्रम. अमेरिकेत ख्रिस बेटी यांनी १९९९ मध्ये एकवीस जणांसह तो सुरू केला, आणि पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर हा त्याचा महिना ठरला. तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज साधारण १,६६७. तो चालवणारी संस्था बंद होत असल्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, तरी त्या आकड्याची भुरळ काही कमी झालेली नाही.

वेगाने लिहिण्याची गोष्ट निघाली की रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीचा दाखला येतोच. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे आपले लेखन प्रकाशकाला फुकट छापता येईल, असा जीवघेणा करार त्याने करून ठेवला होता. ऑक्टोबर उजाडला तरी त्या कादंबरीचे एक पानही लिहून झालेले नव्हते. मग ॲना ही तरुण लघुलेखिका आली. तो दिवसा मजकूर सांगे, ती घरी जाऊन लघुलिपीतल्या टिपणांवरून स्वच्छ प्रत तयार करी, आणि 'जुगारी' सव्वीस दिवसांत पूर्ण झाली. ही हकिकत आपण इथेच थांबवतो, आणि माझ्या मते तिथेच चुकतो. परदेशात जुगाराच्या नादी लागलेल्या रशियन माणसाच्या कथेची कल्पना त्याने १८६३ मध्येच एका पत्रात सविस्तर मांडली होती, आणि रूलेटच्या टेबलावर स्वतः पैसे घालवल्यामुळे ते जग तो आतून ओळखत होता. सव्वीस दिवस लागले ते सांगायला. त्यामागे तीन वर्षे होती. ब्रिटिश कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांनीही १९८७ मध्ये भेटीगाठी आणि फोन बंद करून, रविवार सोडून रोज सकाळी नऊ ते रात्री साडेदहा असे चार आठवडे लिहून 'द रिमेन्स ऑफ द डे' या एका बटलरविषयीच्या कादंबरीचा कच्चा खर्डा उभा केला. पण इंग्लंडमधल्या नोकरवर्गाविषयीचे वाचन ते आधीच करून बसले होते.

म्हणून मला वाटते की मुरण्याचा काळ लेखनाच्या आधी येतो आणि नंतरही येतो. मधल्या खर्ड्याला मात्र वेग मानवतो. कादंबरी वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहिणाऱ्याची एक अडचण असते: आठव्या प्रकरणातला निवेदक पहिल्या प्रकरणातल्या निवेदकासारखा बोलत नाही, कारण दरम्यान लेखकच बदललेला असतो. रोज लिहिताना कालच्या वाक्याची लय कानात असते. कथेतल्या बहिणीने दार उघडले तेव्हा तिच्या हातात काय होते, तिने भावाकडे न बघता पाणी का आणून दिले, हे टिपण न चाळता आठवते आणि शंभर पानांनंतर त्याचा जाबही विचारता येतो. शिवाय शेवट गाठल्यावरच सुरुवात कुठून व्हायला हवी होती ते दिसते. पहिल्याच प्रकरणावर रंधा मारत बसलेल्याला ते दिसण्याची सोय नसते.

शब्दसंख्येची पूजा मात्र मला अजिबात पटत नाही. आकडा गाठण्यासाठी संवाद ताणले जातात, पात्रे उगाच चहा पितात, हवामानाची वर्णने लांबतात. त्यातून ५०,००० हा आकडा इंग्रजीच्या हिशेबाने ठरलेला आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला शब्द कमी लागतात. इंग्रजीचे माप जसेच्या तसे उचलले तर आपण विनाकारण जास्त लिहू. मी रोजचे माप प्रसंगाचे ठेवणार आहे: एक प्रसंग सुरू करायचा आणि तो संपवूनच उठायचे, मग तो चारशे शब्दांत संपो की दोन हजारांत.

महिना संपल्यावर हाती येईल त्याला मी कादंबरी म्हणणार नाही, खर्डा म्हणेन, आणि काही महिने तो उघडणारही नाही. सोबत कोणाला लिहायचे असेल तर जरूर कळवा. मात्र कथा कोण सांगतो आहे आणि त्याला नेमके काय लपवायचे आहे, हे पहिल्या तारखेआधी पक्के करून या.