येशूने चाबूक उचलला, म्हणून तुम्हीही उचलायचा?

माझ्या धाकट्या भावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला: ‘राग गिळू नका, बाहेर काढा. ओरडा, उशी बडवा, मन मोकळं होतं. प्रभू येशूनेही मंदिरात चाबूक उचलला. बायबलच सांगतं, रागावा.’ आदल्याच रात्री त्याने मोबाइल भिंतीवर आपटला होता आणि त्याची सहा वर्षांची लेक पलंगाखाली जाऊन बसली होती. हे ठाऊक असताना मी गप्प कशी बसू?

आधी चाबकाचं बघू, कारण त्याचाच सगळ्यात जास्त गैरवापर होतो. यरुशलेमच्या मंदिरात बाजार मांडलेल्यांना येशूने हाकललं, ती ही गोष्ट. पण बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानातलं (येशूच्या चरित्रातलं) 11:11 हे वचन कुणी वाचत नाही. येशू संध्याकाळी मंदिरात गेला, सभोवार सगळं पाहिलं आणि उशीर झाला म्हणून शिष्यांबरोबर बेथानीला परतला. पैसे बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंग पालथे पडले ते दुसऱ्या दिवशी. मध्ये अख्खी रात्र गेली! चाबूक एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तिथे गुरं-मेंढरं हाकलली, पण कुणा माणसाला फटका बसल्याचं लिहिलेलं नाही. आणि स्वतःचा अपमान झाला तेव्हा? प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने फक्त विचारलं, मला का मारतोस? घरातल्या भांडणाला मंदिराचा दाखला देणाऱ्यांनी योहान 18 वाचावा.

‘रागावा’ हे तर अर्धंच वाक्य. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात त्याला लागूनच ‘पाप करू नका’ आहे आणि राग सूर्य मावळेपर्यंतच ठेवायची मुभा आहे.

उशी बडवून मन मोकळं होतं, हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली 600 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवणारे सगळ्यात जास्त संतापलेले राहिले. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

राग गिळू नये, एवढं मात्र मान्य करावं लागेल. आमच्या आईने तीस वर्षं तोंड मिटून सोसलं, ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पण मत्तय 18:15 सांगतं तसं एकांतात जाऊन चूक सांगणं वेगळं आणि मुलांदेखत वस्तू आपटणं वेगळं.

बायबलात पुढे सख्ख्या भावाचा, हाबेलाचा, खून करणाऱ्या काइनाला देव ‘तू का संतापलास?’ असं विचारतो, तेव्हा हाबेल अजून जिवंत असतो. पाप दाराशी टपून आहे, हेही तो तेव्हाच सांगतो.

भावाला मी लिहिलं: हात शिवशिवायला लागले की घराबाहेर पड आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि आज सूर्य मावळायच्या आत लेकीला जवळ घेऊन तिची माफी माग.