काकूचा अंगठा आणि बँकेची तिसरी खेप

आज पुन्हा हात हलवत परत आलो. सकाळची एसटी धरून राजापूरला गेलो, काकू 78 वर्षांची, गुडघे गेलेले, बँकेच्या पायऱ्या मी दंडाला धरून चढवल्या. काका टपाल खात्यात होते, त्यांच्या पश्चात तिला फॅमिली पेन्शन. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला, म्हणजे माणूस जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा. ही तिसरी खेप!

यंत्रावर अंगठा ठेवला, जुळेना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, जुळेना. दहाही बोटं झाली. जन्मभर लावणी केली, काजूच्या बिया फोडल्या, तो चीक कातडी सोलून काढतो, रेषा राहणार कुठून? "आजी, जोरात दाबा." दाबून दाबून काकूचा हात थरथरायला लागला. मग ठरलेलं वाक्य, "उद्या या."

उद्या काय नवीन बोटं फुटणार आहेत?

घरी आलो, भाच्याला फोन केला. तर म्हणे चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय नोव्हेंबर 2021 पासूनच आहे! साधा अँड्रॉइड फोन आणि आधार नंबर. रेंजसाठी काकूला खळ्यात खुर्ची टाकून बसवलं, दोनदा डोळे मिचकावले, झालं. तीन दिवसांचं एसटीचं भाडं, तिच्या गुडघ्यांचे हाल, कशासाठी?

आणि राग त्या काउंटरवरच्या पोरीचा नाही, आधीच सांगतो. पासबुक तीच, केवायसी तीच, एटीएम कार्ड तीच, वाजणारा फोनही तीच उचलते. माझ्या मागच्या गृहस्थाने तिच्यासमोर पासबुक आपटलं, तेव्हा तिचे डोळे भरले. अशा माणसांची मला चीड आहे. साहेब काचेच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर ओरडा ना! पोरीला कुणी एक दुपार बसवून ती चेहऱ्याची सोय शिकवली असती, शेजारी आणखी एक माणूस दिला असता, तर काकू पाच मिनिटांत हसत बाहेर पडली असती आणि पोरीलाही घरी जाताना बरं वाटलं असतं.

पण नाही. पासबुकाचं मशीन गणपतीपासून बंद. पेन दोरीने बांधलेलं, तेही कोरडं. आणि बँकच कशाला, मोबाइल कंपनीला फोन करा, अर्धा तास 'एक दाबा, दोन दाबा'. सीझनला किनाऱ्यावरच्या हॉटेलात बारा टेबलांना एकच पोरगा, घामाने निथळतोय, सोलकढी विसरला म्हणून शिव्या त्यालाच. मालक गल्ल्यावर बसून 'पाच स्टार द्या' म्हणतो. त्या पोराला आधी जोडीदार द्या!

बँकेकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तक्रारीत लिहिलंय, त्या मुलीवर कारवाई नको, तिला मदतनीस द्या.

सोमवारी पुन्हा जाणार आहे, काकूशिवाय. काउंटरवरच्या त्या पोरीला फोनवर चेहऱ्यावरून दाखला कसा काढायचा ते दाखवतो. नोव्हेंबर अजून संपला नाही, बाकावर आणखी म्हातारी माणसं बसलेली असतील.