शौर्य राहू द्या, आधी पट्टा लावा

नाकाबंदीत गाडी अडवायला गेलेला हवालदार बॉनेटवर लटकून फरपटत गेल्याचा व्हिडिओ अधूनमधून फिरतो आणि आपण खाली सॅल्यूट ठोकतो. मला मात्र चीड येते. गाडीचा नंबर दिसतोय, हातात वायरलेस आहे. पुढच्या नाक्याला कळवा आणि बाजूला व्हा की! हजार रुपयांच्या दंडासाठी कुणी गाडीपुढे उभं राहायचं नाही, असा सक्त आदेश हवा. आणि गाडी सुटली म्हणून साहेबांनी झापायचं नाही, हेही त्यातच लिहा.

पण व्हिडिओ न होणारे अपघातच मला जास्त छळतात. माझे मामा पोलीस गाडीवर चालक होते. सीटबेल्टचा पट्टा लावला की पटकन उतरता येत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अमेरिकेतल्या पोलिसांचंही अगदी हेच म्हणणं असायचं. २००९ मध्ये लास व्हेगासच्या पोलिसांनी काही महिन्यांत तीन सहकारी गाड्यांच्या अपघातांत गमावले. मग तिथे पट्ट्याची सक्ती झाली, पोलीस गाडीच्या वेगालाही मर्यादा आली, प्रशिक्षण बदललं. नंतरच्या अभ्यासात अपघातांचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि जखमींचं ३१ टक्क्यांनी घटलेलं आढळलं.

आपल्याकडे व्हॅनमध्ये मागे आडव्या बाकांवर माणसं बसवतात, तिथे पट्टा लावणार कुठे? बाइकवरून गस्त घालणारे पोलीस, म्हणजे बीट मार्शल, तर कित्येकदा टोपीवरच बाइक हाणतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पोलिसांना हेल्मेटची सूट देत नाही. (आपल्याला पावती फाडताना हे कलम बरोबर आठवतं!)

आणि झोप. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही तिथल्याच एका शिपायाच्या प्रस्तावावरून. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी तो उचलून धरला. पण बंदोबस्त लागला की आठ तास कागदावर राहतात. विसर्जनाची रात्र उभ्याने काढलेल्या चालकाकडेच पहाटे परतीचं स्टिअरिंग देतात. 'कर्तव्य बजावताना अपघाती निधन' असं लिहून फाईल बंद करताना, तो चालक त्याआधी किती तास जागा होता आणि त्याला कुणी पाठवलं, हेही नोंदवायला लावा. पाठवणाऱ्याचं नाव कागदावर आलं, की दुसऱ्या चालकाची सोय आपोआप होईल.