भाडेकरू, मुक्काम पोस्ट मंगळवार पेठ

जानेवारी संपत आला की ऑफिसच्या अकाउंट्स विभागाकडून दोन ओळींचा मेल येतो : 'गुंतवणुकीचे पुरावे जमा करावेत.' पुरावे हा शब्द वाचला की आपल्या हातून कायतरी झालंय असं उगाच वाटायला लागतं.

कोल्हापुरात ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से येतात. आयकरात जुनी पद्धत की नवी, एकच वाटी. मी एप्रिलमध्ये जुनी मागितली होती. जुनं ते सोनं, एवढाच अभ्यास. जुन्यात वजावटी असतात, आणि फुकटची वजावट सोडणारा माणूस आमच्या पेठेत अजून जन्मायचा आहे.

वजावटीसाठीच मी वडिलांचा भाडेकरू झालो. घर आण्णांच्या नावावर. मी भाडं देतो म्हटलं तर घरभाडे भत्त्यावर सूट मिळते, असं एका मित्रानं मिसळ खाता खाता सांगितलं. हिशेबही त्यानंच कागदी रुमालावर मांडला. वर्षाचा भत्ता 1,44,000. कोल्हापूर महानगरांच्या यादीत नाही, म्हणून मूळ पगाराचे 50 नाही, 40 टक्के, तेही 1,44,000. आणि तिसरा आकडा म्हणजे भाड्यातून मूळ पगाराचे 10 टक्के वजा. तिन्हींत जो सगळ्यात लहान, तो आपला. महिना 8,000 म्हणजे वर्षाला 96,000, त्यातून 36,000 गेले, उरले 60,000. भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून आठच हजार.

एक एप्रिलला अकरा महिन्यांचा करार झाला आणि आण्णा बदलले. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, नियमाला पक्का. मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलो तर म्हणाले, "भाडेकरूनं भिंतीला हात लावायचा न्हाई." एकदा भाडं तीन तारखेला जमा झालं, तर पासबुक माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलं. घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के आपोआप वजा होतात हेही त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं. "म्हंजे मला सूट, तुला बी सूट. मग सरकारचं चालतंय कसं रं?"

बाकीच्या पुराव्यांची शोधाशोध रविवारी झाली. शाळेची पावती हातभर लांब, पण 80-सी या वजावटीच्या कलमात धरतात फक्त शिकवणी शुल्क. बस, गॅदरिंग, विकास निधी, सगळं बाद. पीएफ 43,200, विम्याचा हप्ता 22,000, शाळेचे 28,000, बेरीज 93,200. मर्यादा दीड लाखाची, पण ती गाठायला आधी पैसे लागतात, ही अडचण कायद्यात कुठं लिहिलेली नाही. पेठेतल्या फुटबॉल टीमला दिलेली वर्गणी देणग्यांच्या 80-जी मध्ये बसते का, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. धीर झाला नाही.

खरी आशा आण्णांच्या औषधांवर होती. वय 71, मेडिक्लेम नाही. अशा ज्येष्ठांच्या उपचारांचा खर्च 80-डी मध्ये 50,000 पर्यंत धरता येतो. औषधं झाली होती 31,000 ची.

"बिलं कुठायत?" मी बायकोला विचारलं.

"मी कशाला टाकतो बिलं? हायत की पिशवीत."

बिलं होती, पण सगळी रोखीची. रोखीतला उपचार चालत नाही. आण्णांचं म्हणणं, मोबाईलवरून दिलेले पैसे गेलेले दिसत नाहीत, म्हणून ते मोजून नोटा देतात. रोखीत चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणी, पाच हजारांपर्यंत. म्हणजे आजार व्हायच्या आधी रोख चालते, झाल्यावर नाही. उरला आमचा कौटुंबिक मेडिक्लेम, 18,400.

सोमवारी ही सगळी गाठोडी घेऊन अकाउंट्सच्या पोरासमोर बसलो. त्यानं 8,40,000 पगारातून प्रमाणित वजावट 50,000 काढली, व्यवसाय कर 2,500 काढला, माझी वर्षभराची कमाई एकेक करून खाली उतरवली आणि कर सांगितला : करावरच्या सेससकट 37,107 रुपये. बरा वाटला. एवढ्या मेहनतीनं आणलेला आकडा कसाही असला तरी आपलाच वाटतो.

"नव्या पद्धतीत टाकून बघू?" असं म्हणत त्यानं एक बटण दाबलं. तिथं 75,000 थेट वजा. ना शाळा, ना औषधं, ना आण्णा.

"शून्य," तो म्हणाला. "बारा लाखांपर्यंत करच न्हाई की ओ ह्या 2025-26 पास्नं. रिटर्न भरताना नवी पद्धत घ्या, कापलेलं परत येतंय."

माझ्या मांडीवर दहा भाडेपावत्या होत्या. त्या मी परत पिशवीत घातल्या.

संध्याकाळी आण्णांना सांगितलं, आता भाडं द्यायची गरज नाही. त्यांनी चष्मा लावला, कपाटातून करार काढला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"फेब्रुवारीअखेर हाय ह्यो. तेवढं भर," म्हणाले. "फुडं ऱ्हायचं आसंल तर धा टक्के वाढ."