‘स्क्रीनवर उत्तम, छापल्यावर भुरकट’ या अभिप्रायाला छापखान्याचे उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. फोटो भुरकट आले, मुखपृष्ठाचा निळा मळकट झाला, कडेला पांढरी रेघ राहिली, आणि ‘पीडीएफ ती पीडीएफ, स्क्रीनवर उत्तम दिसते तर छापायला काय अडचण?’ असे तुम्ही विचारले आहे. राग समजतो, पुस्तिका बघून आम्हीही खूश नव्हतो. पण दोष मशीनचा नाही, आणि अशा फाइली बऱ्याच जणांकडून येतात म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमची फाइल इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ या प्रीसेटने, म्हणजे तयार सेटिंगने, एक्स्पोर्ट झाली होती. हा प्रीसेट मेलने पाठवायला, मोबाइलवर वाचायला चांगला. १५० पीपीआयच्या (एका इंचातल्या पिक्सेलांच्या) वरची रंगीत चित्रे तो १०० वर आणतो आणि रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीत, ठेवतो. मुखपृष्ठावरचा फोटो ए४च्या पूर्ण रुंदीचा, म्हणजे २१० मिमी. ३०० पीपीआयने छापायचा तर आडवे सुमारे २४८० पिक्सेल हवेत. तुमच्या फाइलीत ८२७ होते. मूळ फोटोत ते असतीलही, पण एक्स्पोर्ट करताना गाळलेले पिक्सेल पीडीएफमधून परत काढता येत नाहीत. हे सगळे आम्ही छपाईआधी कळवले होते. ‘आहे तशी छापा’ असे उत्तर आले, आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधी दाखवलेल्या नमुन्यावर, तुमची सही आहे.

निळ्याबद्दल मात्र खरे सांगतो, एक्स्पोर्ट नीट केला असता तरी स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा कागदावर उतरला नसता. छपाईच्या चार शायांच्या (सीएमवायके: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) आवाक्यात तो बसतच नाही. लेआउट करतानाच सीएमवायके रंग घेतला असता तर काय मिळणार हे आधी दिसले असते, एवढेच.

तुम्ही लिहिले नाही, पण मला जास्त खटकला तो काळा मजकूर. आरजीबीतला काळा सीएमवायकेत आला की एकट्या काळ्या शाईचा राहत नाही, चारही शायांचा होतो. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते, मग त्या प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की बारीक अक्षरांना रंगीत झालर दिसते. तळटिपा भिंगाखाली धरून बघा. पुढच्या वेळी फाइल पाठवण्याआधी ॲक्रोबॅटमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडून काळ्या प्लेटसमोरची टिकखूण हटवा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक. करडी सावली उरली तर तो चार शायांचा आहे.

पांढरी रेघ ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेले चित्र, नसल्यामुळे. तुमचे पान नेमके २१० × २९७ होते. चारी बाजूंना ३ मिमी धरून ते २१६ × ३०३ हवे, कारण कटिंगला थोडा फरक पडतोच. एक्स्पोर्टच्या खिडकीत डॉक्युमेंटचे ब्लीड घ्यायची खूण आहे. पण चित्रच पानाच्या कडेशी थांबले असेल तर त्या खुणेने नुसता पांढरा कागद वाढतो! आधी लेआउटमध्ये चित्र बाहेर ओढा, मग एक्स्पोर्ट करा. प्रीसेट पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) घ्या, आणि पाने सुटी ठेवा, स्प्रेड (समोरासमोरची जोडपाने) नको.

स्क्रीनची फाइल फेकून देऊ नका. वाचकांना पाठवायला तीच योग्य, हलकी आहे. एकाच लेआउटमधून दोन वेगळ्या पीडीएफ काढायच्या, बस्स.

छापलेल्या प्रतींचे पैसे परत करता येणार नाहीत; कागद आणि प्लेटा खर्ची पडल्या आहेत. पण लेआउट, जोडलेली चित्रे आणि फॉन्ट ‘पॅकेज’ करून (इनडिझाइनमधून एका फोल्डरमध्ये गोळा करून) पाठवले तर छपाईची पीडीएफ आम्ही विनामूल्य काढून देऊ आणि नवे प्रूफही. ते बघून पुन्हा छापायचे की नाही ते तुम्ही ठरवा.