पत्रव्यवहार लिपिक होऊ इच्छिणाऱ्यांस

तुम्ही साताऱ्यात राहत असाल, पदवी हाती असेल आणि अभ्यासिकेत तिसरा उन्हाळा काढत असाल, तर माझे ऐका आणि कचेरीतला पत्रव्यवहार सांभाळणारे लिपिक व्हा. या पेशाची परंपरा थोर आहे. शिवकाळात चिटणिशी बाळाजी आवजींकडे होती आणि त्यांनी कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखवल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपल्या कचेऱ्यांनी ही कला इतकी पुढे नेली आहे की तेथे आता भरलेला कागदही कोरा असल्यासारखा पाहता येतो.

सरकारी लिपिक-टंकलेखकाला सातव्या वेतन आयोगानुसार 19,900 ते 63,200 ही वेतनश्रेणी मिळते. यातला दुसरा आकडा वाचून मुलीकडची मंडळी लगेच पत्रिका मागतात; त्यांना पुढचे गणित सांगू नका. पहिली वार्षिक वेतनवाढ 600 रुपयांची असते आणि अशा चढत्या 39 वेतनवाढी झाल्यावर 63,200 चा टप्पा येतो, म्हणजे 19 व्या वर्षी खुर्चीत बसलेला माणूस 58 व्या वर्षी, निरोपाचा नारळ हातात पडण्याच्या सुमारास तेथे पोहोचतो, आणि तेही मध्येच कोणी वरची श्रेणी देऊन खोळंबा केला नाही तरच. महागाई भत्ता वेगळा मिळतो, हे मान्य. महागाईही वेगळीच मिळते.

बढतीची चिंता करू नका. ज्येष्ठता यादीत तुमच्या वरची माणसे धडधाकट असली, तरी 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजना तुमच्यासाठी आहेच. तीत वेतनश्रेणी पुढे सरकते आणि टेबल जागचे हलत नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना सहसा जुनी पेन्शन नाही, परंतु तिच्यासाठी घोषणा देण्याचा हक्क अबाधित आहे. शिवाय रुजू झाल्या दिवसापासून माण-खटावचा सत्तरीतला शेतकरीसुद्धा तुम्हाला ‘भाऊसाहेब’ म्हणेल, आणि या उपाधीला वेतन आयोगाची मंजुरी लागत नाही.

कामाचे म्हणाल, तर ते सोपे आहे. आलेले टपाल फोडावे, आवक नोंदवहीत चढवावे, टिप्पणी लिहून फाइल ‘आदेशार्थ सादर’ करावी आणि ती ‘चर्चा करा’ असा शेरा घेऊन परत येईपर्यंत ताव, टाचण्या व डिंकाची बाटली यांची मागणी नोंदवावी. सादर होऊन वर जाते ती फाइल, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. तुम्ही खालीच असता. ई-ऑफिस आल्यापासून तीच फाइल संगणकावर चढवून तिची छापील प्रत स्वाक्षरीला न्यावी लागते, त्यामुळे काम दुप्पट होऊन नोकरीची शाश्वती वाढली आहे.

अनुभव विचाराल, तर एका कचेरीत असताना मी शेजारच्या कचेरीला माहितीसाठी एक पत्र आणि त्यावर दोन स्मरणपत्रे पाठवली होती. पुढे माझी बदली त्याच शेजारच्या कचेरीत, त्याच टेबलावर झाली. पहिल्याच सकाळी माझीच तिन्ही पत्रे गठ्ठ्यात हाती लागली. भाषा किंचित उर्मट वाटली. मी जावक क्रमांक टाकून उत्तर धाडले: ‘बाब तपासून यथावकाश कळविण्यात येईल.’