ऐनवेळी तोफ मिळत नाही

आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस एकच मजकूर फिरतोय : ‘अणुबॉम्ब असलेल्या देशावर कोणी चालून येत नाही. सैन्याचा खर्च अर्धा करा, तो पैसा कांदा उत्पादकांना द्या. वेळ आलीच तर शस्त्रं विकत घेता येतात.’ खाली अंगठ्यांची रांग.

पहिलं वाक्य लगेच निकालात निघतं. पोखरणची चाचणी मे १९९८ ची, कारगिल १९९९ चं. बॉम्ब दोन्हीकडे होता, तरी आपले ५२७ जवान गेले. टायगर हिलवर चढून बसलेल्यांना खाली खेचायला बॉम्ब कामाचा नव्हता, तोफाच लागल्या.

कांद्याचं दुखणं खरं आहे. लासलगावला भाव कोसळला की काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. पण हिशेब मांडा. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनचे, ते कोण कापणार? पगार, शिधा, डिझेलही थांबत नाही. कात्री लागते ती नव्या सामग्रीला आणि दारूगोळ्याला. दारूगोळ्याचा साठा चाळीस दिवसांच्या लढाईला पुरायला हवा असा तेव्हाचा दंडक होता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवससुद्धा पुरला नसता.

भगूरला मामांकडे जेवायला बसलं की देवळालीच्या तोफखान्याच्या सराव-रेंजवरून धडाम ऐकू येतं, मांडणीवरचे पेले किणकिणतात. मामी वरणाचं पातेलं धरून ठेवते, एवढंच. तोपची शिकतो तो असे गोळे उडवून. काटकसर आली की सरावाच्या गोळ्यांवर आधी नजर जाते, कारण ते कमी झालेले बाहेर कोणाला दिसत नाहीत.

आता तिसरं, सगळ्यात घातक वाक्य : ‘वेळ आली की घेऊ’. १९६२ ला वेळ आली तेव्हा आपले जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन, अपुऱ्या गरम कपड्यांत हिमालयात उभे होते. मग यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये आपल्याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला. सगळं पराभवानंतर.

तोफांचंही तेच. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्यानंतरच्या नव्या तोफा, एम-७७७ आणि के-९ वज्र, सैन्यात दाखल झाल्या नोव्हेंबर २०१८ मध्ये, देवळालीतच. इथे मान्य करतो, अडलं होतं ते निव्वळ पैशावाचून नाही. घोटाळ्याच्या धास्तीने कोणी सही करायला धजत नव्हतं. म्हणजे नुसता निधी वाढवूनही भागत नाही.

पण पैसा आणि सही दोन्ही असली तरी किती वेळ जातो, ते ओझरला जाऊन बघा. ८३ तेजस मार्क-१ए विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची. ओझरला तयार झालेलं पहिलं विमान लोकांसमोर उडालं १७ ऑक्टोबर २०२५ ला. त्याआधी तीनच आठवडे शेवटची मिग-२१ निवृत्त झाली होती आणि लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ तुकड्यांपैकी (स्क्वाड्रन) हवाई दलाकडे २९ उरल्या होत्या.